खांबेटे मास्तरांच्या फटफटीची शिंगं

लष्कराच्या लिलावात घेतलेली फटफटी बैलगाडीत घालून लोणावळ्याला आली, तेव्हा अख्खी आळी नीळकंठ खांबेटे मास्तरांच्या दाराशी जमली आणि तिच्यात काय काय नाही ते सांगू लागली. आसनावर कातडं नव्हतं. मागचा दिवा नव्हता. भोंगा नव्हता. मास्तर प्रत्येकाला "ते किरकोळ आहे हो" म्हणून वाटेला लावत होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नी अनसूयाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी फटफटीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं,

"अहो, पण हिला धरायचं कुठे?"

हँडलाचा उजवा अर्धा भाग जागेवर होता. डावा अर्धा भाग महायुद्धात कामी आला होता.

मास्तरांना फटफटी हवी कशाला होती, हे आधी सांगायला हवं. नाहीतर माणूस मिजासखोर होता असा समज व्हायचा. मिजास थोडी होतीच, पण ती नंतर आली. मुळात होती ती पुस्तकांची पेटी. मास्तर एकदा कुरवंड्याच्या शाळेत गेले होते. तिथल्या मुलांनी त्यांना वाचनमालेतला धडा पुस्तक मिटून म्हणून दाखवला. मग त्यांनी दुसरा धडा म्हटला. मग पुस्तक उलटं धरून तिसरा. वाचता येत होतं, पण वाचायला दुसरं काही नव्हतं. मास्तर घरी आले ते जेवलेच नाहीत. लोणावळ्याच्या वाचनालयात मुलांच्या गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलूपबंद पडली होती. ती पेटीत घालून दर रविवारी डोंगरातल्या शाळांना फिरवायची, असा त्यांनी निश्चय केला.

वाचनालयाचे अध्यक्ष होते आबा धारप. आबा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होताना त्यांनी हिरवं आणि लाल अशी दोन्ही निशाणं आठवण म्हणून घरी आणली होती आणि ती ते वापरत असत. जेवण झालं की हिरवं दाखवल्याशिवाय सून पान उचलत नसे.

"पुस्तकं जातील," आबा म्हणाले, "पण वेळेवर जातील याला काय आधार? एका रविवारी चालत जाल, दुसऱ्या रविवारी पाय दुखेल, तिसऱ्या रविवारी पाऊस. पुस्तकं तिथे आणि वाचनालय इथे."

"मी फटफटीने जाणार आहे."

"अर्ध्या हँडलाच्या?"

शेवटी ठरलं ते असं. भादव्यातल्या पोळ्याला आबा दरवर्षी कुरवंड्याला महिपती पाटलाकडे पुरणपोळीला जात. त्या दिवशी पाटलाचा मानाचा बैल वेशीतल्या तोरणाखालून जायच्या आत फटफटी पुस्तकांची पेटी घेऊन तिथे हजर झाली, तर योजना मंजूर. बैल आधी गेला, तर पेटी परत कपाटात आणि कपाटाची किल्ली आबांच्या जानव्याला.

"नियम म्हणजे नियम," आबा म्हणाले आणि त्यांनी लाल निशाण दाखवून सभा संपवली.

आता हँडल. नवीन हँडल मुंबईत मिळतं असं कळलं. मुंबईत, ते लोणावळ्याच्या लोहाराकडून करून घेतात असं कळलं. हे ऐकून मास्तरांच्या मनात एक तेजस्वी विचार आला. करूनच घ्यायचं तर जुन्यासारखं कशाला? डोंगराच्या वाटेला साजेसं, रुंद का नको?

ज्यांना तरफ ठाऊक आहे त्यांनी पुढच्या चार ओळी गाळाव्यात. दाराची कडी धरून दार ढकललं तर ते करंगळीने उघडतं. बिजागरीजवळ ढकलून पाहा, खांदा लावावा लागेल. दांडा जितका लांब, तितका जोर कमी. हे मास्तर वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले होते, पण स्वतःच्या आयुष्यात त्याचा उपयोग करण्याची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. त्यांनी ओटीच्या भिंतीवर कोळशाने आकृती काढली. अनसूयाबाईंनी ती पुसली. मास्तरांनी पुन्हा काढली.

बाजारातला लोहार रखमाजी आकृती पाहायला आला. त्याने ती मान वाकडी करून पाहिली, मग दुसऱ्या बाजूला वाकडी करून पाहिली.

"किती लांब म्हनायचं?"

"मधल्या पकडीपासून दोन्हीकडे एकेक हात."

"आन् मुठीला?"

"मुठीला चार बोटं जास्त."

"झालं मग. उद्याच्याला घेऊन जा."

मास्तर स्वतः बेताच्या उंचीचे होते. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागावर त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. हात म्हणजे अर्थातच आपला हात, असं ते धरून चालले होते. रखमाजीही तेच धरून चालला होता. रखमाजीचा हात असा होता की भात्याजवळ बसल्या बसल्या तो दाराबाहेरचा हातोडा उचलत असे.

नळीत वाळू ठासून, तापवून त्याने ती सुरेख वाकवली. कुठे सुरकुती नाही, कुठे चेप नाही. मात्र जन्मभर त्याने बैलांना नाल ठोकले होते, त्यामुळे लांब वस्तूला बाक कसा असावा याविषयी त्याच्या मनात एकच चित्र होतं. टोकं आधी बाहेर गेली, मग वर गेली, मग डौलात किंचित मागे वळली.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि ते पुन्हा पाहिलं.

"मास्तर, कायी चुकलं का?"

चुकलं म्हणावं तर आकृती कुणाची, हात कुणाचा, असे प्रश्न निघाले असते. शिवाय भोवती माणसं जमली होती. मास्तर म्हणाले, "अगदी मनात होतं तसं!" आणि त्या एका वाक्याने पुढचे सगळे परतीचे रस्ते बंद करून टाकले.

पावसामुळे हँडल ओटीवरच बसवलं. नळी पकडीत सैल बसत होती, म्हणून चिक्कीच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून तिच्याभोवती गुंडाळला आणि बोल्ट आवळले. काम असं पक्कं झालं की मास्तरांनी रखमाजीच्या पाठीवर थाप मारली. मग फटफटी बाहेर काढायला गेले, तर ती दारातून जाईना.

शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. एकाच्या मते चौकट काढावी. दुसऱ्याच्या मते भिंत पाडावी, नाहीतरी ती ओलीच होती. तिसऱ्याचं म्हणणं, फटफटी आतच ठेवावी आणि वर गादी टाकून पाहुण्यांना बसायला द्यावी. अनसूयाबाईंनी हँडलाच्या उजव्या टोकावर मास्तरांचं ओलं धोतर वाळत घातलं आणि डाव्या टोकावर आपलं लुगडं.

कुरवंड्याचा महिपती पाटील तांदूळ घालायला आला, तेव्हा ओटीवर हे दृश्य होतं.

"आरं तिच्या! मास्तर, खिल्लारी घेतला व्हय?"

"फटफटी आहे ती, पाटील."

"आसंल. पर गोठ्याभायेर काडायची रीत तीच. मान मुरगाळा. आधी एक शिंग भायेर, मंग दुसरं. सरळ वडला तर चौकट घिऊन जाईल."

तशी मान मुरगाळली आणि फटफटी बाहेर आली. मास्तरांना आनंद झाला, पण 'शिंग' हा शब्द आळीने ऐकला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर फळ्यावर चष्मा लावलेला एक बैल होता आणि त्याच्या पाठीवर धोतरातले गृहस्थ बसले होते. मास्तरांनी चित्र नीट न्याहाळलं, खडू घेतला आणि म्हणाले, "शिंगं फार आखूड काढली आहेत. प्रमाण बघत जा." आणि ती स्वतः लांब करून दिली. मुलं त्या दिवसापासून त्यांच्या बाजूची झाली. पण मास्तरांच्या मनाला लागायचं ते लागलंच.

मग आले हवालदार हौशीराम. ते फटफटीसमोर उभे राहिले आणि त्यांनी लाठी हँडलावर आडवी धरून पाहिली. हँडल लाठीला पुरून उरलं. लाठीहून मोठं काहीही हौशीरामांना कायद्याबाहेरचं वाटे.

"मास्तर, गाडी कागदावर चढली तेव्हा हँडल होतं?"

"अर्धं होतं."

"आणि आता?"

"पूर्ण आहे."

"पूर्ण? हे दीड आहे. पुण्याच्या साहेबाची परवानगी पाहिजे."

"मग साहेबांना दाखवून आणतो."

"परवानगीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येणार नाही."

"पण साहेबांना दाखवल्याशिवाय परवानगी—"

"बरोबर," हौशीराम समाधानाने म्हणाले, "आत्ता तुमच्या ध्यानात आलं."

पण माणूस वाईट नव्हता. त्यांचा मुलगा मास्तरांच्याच वर्गात होता आणि शिंगं आखूड काढणारा तोच. हौशीरामांनी बराच विचार केला. रस्त्यावरून रुंद वस्तू जाण्याविषयी त्यांना एकच नियम पाठ होता, तो गवताच्या गाड्यांचा: दोन्ही टोकांना लाल फडकं बांधावं आणि बैलांच्या गळ्यात घुंगरं असावीत. तो त्यांनी लागू केला. अनसूयाबाईंनी जुन्या खणाचे दोन तुकडे फाडून दिले. घुंगरांसाठी मास्तर पुन्हा रखमाजीकडे गेले. नळीची टोकं उघडी असल्याने तिच्यात पावसाचं पाणी साठून बाहीत शिरत होतं, त्यालाही काहीतरी बूच हवं होतं. रखमाजीकडे दोन्ही कामं एकदम करणारी वस्तू तयार होती. पोळा जवळ आल्याने त्याने बैलांच्या शिंगांवर चढवायच्या पितळी शेंब्या विकायला आणल्या होत्या. घुंगरं लावलेल्या. त्या नळीवर अशा बसल्या की जणू मापानेच घडवल्या होत्या.

मास्तरांनी पैसे मोजले. मनुष्य काही वेळा अशा ठिकाणी पोचतो की तिथे आणखी दोन शेंब्यांनी काही बिघडत नाही.

खरी मेख पुढेच होती. फटफटीची उजवी मूठ पिळली की तिच्यातून निघणारी तार ओढली जाते आणि इंजिन जोर धरतं. हँडल रुंद झालं, पण तार होती तेवढीच राहिली. सायकलच्या दुकानातली सगळ्यात लांब तार आणून जोडली, तरी ती ताणूनच बसली. उजवीकडे वळताना उजवी मूठ जवळ येई, तार सैल पडे आणि इंजिन गरीब गाईसारखं चाले. डावीकडे वळलं की मूठ दूर जाई, तार आपोआप ओढली जाई आणि फटफटी गर्जना करून सुटे.

हे मास्तरांना बाजारात कळलं, भर आठवड्याच्या बाजारी. डावीकडे वळायला गेले आणि मिरच्यांच्या पोत्यात शिरता शिरता वाचले. यापुढे फक्त उजवीकडे वळायचं, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. पण घर डावीकडे होतं. मग ते उजवीकडे वळले, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. चिक्कीवाल्याने पहिल्या फेरीला नमस्कार केला, दुसऱ्या फेरीला पुडा पुढे केला, तिसऱ्या फेरीला दुकानाच्या फळ्या लावल्या. आबा धारप आपल्या ओट्यावरून लाल निशाण हलवत होते.

"कापा ते हँडल," आबा संध्याकाळी म्हणाले. "दोन्हीकडून वीतभर कापा, तार पुरेल."

"कापू का, मास्तर?" रखमाजीही म्हणाला. "करवत हाय हितंच."

"तरफ कापायची नाही," मास्तर म्हणाले. "आज मी ती कापली, तर उद्या वर्गात कुठल्या तोंडाने शिकवू?"

"आणि पेटी?" अनसूयाबाईंनी हळूच विचारलं. "ती पोरं वाट बघतायत ना? मी तुम्हाला हसते ते वेगळं. पण पेटी गेलीच पाहिजे हं."

मास्तर पोळ्याआधीच्या रविवारी कुरवंड्याचा रस्ता चालत पाहून आले. नशीब असं की जाताना जवळजवळ सगळी वळणं उजवी होती. डावं फक्त एक होतं, अगदी शेवटी, गावच्या वेशीकडे जाणाऱ्या चढावर. तिथे खाली उतरून फटफटी ढकलत न्यायची, असं त्यांनी ठरवलं.

पोळ्याच्या दिवशी पेटी मागे दोरांनी बांधली, फडकी फडफडली, घुंगरं वाजली आणि मास्तर निघाले. आबा आदल्या संध्याकाळीच पाटलाच्या बैलगाडीतून पुढे गेले होते.

गावाबाहेर पडल्यावर रस्त्याचा चिखल झाला. बैलगाड्यांच्या चाकांनी त्याच्यात खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. चाकोरीत शिरलं की पुढचं चाक हिसके देऊन कुठेही पळू पाहतं. अशा वाटेवर भलेभले आडवे होतात. पण मास्तरांनी दोन्ही हात पसरून ती शिंगं धरली होती आणि चाकाने कितीही हिसका दिला तरी तो त्यांच्या मुठीपर्यंत येईतो गोगलगाईएवढा होत होता. "दांडा जितका लांब!" मास्तर ओरडले. ऐकायला फक्त समोरचा नागफणीचा सुळका होता. "तितका जोर कमी!" आयुष्यात सिद्धांत शिकवणं वेगळं आणि त्याच्यावर स्वार होणं वेगळं. त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, किंवा चिखल उडाला असेल.

शेवटचा चढ आला. वर वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण दिसत होतं आणि हलगी वाजायला लागली होती. मास्तर उतरले, ढकलू लागले. फटफटी वीतभर वर जाई आणि हातभर खाली येई. पायातल्या वहाणा चिखलाने ठेवून घेतल्या. वरून आबांचा आवाज आला, "मास्तर, बैल निघाला हो!" खरंच निघाला होता. महिपती पाटलाचा पाखऱ्या, अंगावर झूल, शिंगांना बेगड, एकेक पाऊल टाकत तोरणाकडे येत होता. त्याच्या मागे गावचे बैल, बैलांच्या मागे बाया, आणि सगळ्यांच्या पुढे कडेला शाळेतली मुलं, पाटीदप्तरासकट, सणाच्या दिवशी. पेटी येणार म्हणून.

ती पाटीदप्तरं पाहिली आणि मास्तर फटफटीवर चढले. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि हँडल डावीकडे वळवलं.

तार ताणली गेली. फटफटीने जी डरकाळी फोडली ती खाली लोणावळ्यात ऐकू गेली म्हणतात. मागच्या चाकाने चिखल उडवत ती चढ चढली, पाखऱ्याच्या नाकासमोरून तोरणाखाली शिरली, तोरणाचं लोंबतं टोक डाव्या शिंगात अडकून तुटलं, आणि फटफटी आंब्याच्या पानांसकट थेट मारुतीच्या देवळावर चालून गेली. मास्तरांना एकच उपाय ठाऊक होता. त्यांनी हँडल उजवीकडे वळवलं. गर्जना ओसरली, इंजिन शांत झालं आणि फटफटी देवळाभोवती संथपणे फिरू लागली. डावीकडे वळायचं धाडस नव्हतं आणि थांबायचं सुचत नव्हतं. पूर्ण एक फेरी झाल्यावर ती पाराला टेकून बंद पडली.

हलगी थांबली होती.

"मास्तर!" महिपती पाटील पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "पाखऱ्याचा मान घेतलासा तुमी! तोरन तोडलं! आमच्या बापजाद्यांपासनं—"

तेवढ्यात पाटलाची म्हातारी आई, रतनबाई, काठी टेकत फटफटीपाशी आली. तिने शेंब्यांना हात लावला, फडकी चाचपली.

"म्हैपती, गप ऱ्हा. ह्येला शिंगं हायती. शेंब्या हायती. घुंगरं हायती. वझं वाहून आनलं. तोरनाखालनं आला आन् मारुतीला परदक्षिना घातली, ती बी उजवी. तुज्या पाखऱ्यानं गेल्या साली डावी घातलीवती, ध्येनात हाय का? ह्यो बैल न्हाई तर कोन?"

"बैल आसंल, पर मान—"

"परगावचा पाव्हणा हाय त्यो. पंगतीला पाव्हण्याला आधी वाढत्यात का न्हाई?"

पाटलाने डोकं खाजवलं. पाव्हण्यापुढे त्याचं काही चालेना. मुलं पेटीकडे धावली. आणि तेवढ्यात आबा धारपांनी लाल निशाण वर केलं.

"थांबा! अट काय होती? बैलाच्या आधी पेटी. आता रतनबाईंनी ठरवलं की हा बैल आहे. ठीक. मग बैल तोरणाखालून पुढे गेला आणि पेटी त्याच्या मागे बांधलेली होती. म्हणजे बैल आधी, पेटी नंतर. मला वाईट वाटतं, मास्तर. पण नियम म्हणजे नियम."

मुलं दोरांना हात लावून तशीच उभी राहिली. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते फटफटीवरून उतरले, अनवाणी, चिखलाने माखलेले, खांद्यावर आंब्याची पानं, आणि वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसं त्यांनी शांतपणे विचारलं,

"आबा, उभी नोकरी तुम्ही गाडीच्या शेवटच्या डब्यात काढलीत ना?"

"अर्थात. गार्डाचा डबा शेवटचाच."

"गाडी स्टेशनात आली की तुम्ही काय नोंदवत होता? इंजिन वेळेवर आलं, पण मी जरा उशिरा पोचलो?"

आबांना ते लागलं. "छे! गाडी आली म्हणजे सगळीच आली. गार्डासकट."

"मग?"

आबांनी बराच वेळ पेटीकडे पाहिलं. ती गाडीच्या शेवटी होती. तिथे ते स्वतः इतकी वर्षं बसले होते. त्यांनी लाल निशाण काखेत मारलं, हिरवं काढलं आणि ताठ उभं राहून ते असं फडकवलं की पाखऱ्याही चालू लागला.

हलगी पुन्हा वाजली. दोर सुटले, पेटी उघडली आणि ज्यांना एकच पुस्तक पाठ होतं ती मुलं पारावर, देवळाच्या पायऱ्यांवर, मिळेल तिथे बसून मोठमोठ्याने नवीन गोष्टी वाचू लागली. बायांनी पाखऱ्याला ओवाळलं, मग फटफटीच्या दिव्याला कुंकू लावलं. पाखऱ्याला पुरणपोळी भरवून झाल्यावर रतनबाई दुसरी घेऊन पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायला लागली, तेव्हा मात्र मास्तरांनी तिचे पाय धरले. शेवटी ती पोळी फटफटीच्या वतीने त्यांनीच खाल्ली.

परतताना एक अडचण होती. जाताना जी वळणं उजवी होती ती सगळी आता डावी झाली होती. पण रस्ता बहुतेक उताराचा होता, म्हणून मास्तरांनी इंजिन सुरूच केलं नाही. पेटी गावातच राहिली होती, तेव्हा तिच्या जागी आबा धारप बसले, मागे, शेवटच्या डब्यात, हातात हिरवं निशाण धरून. घुंगरं वाजवत दोघे लोणावळ्यात शिरले. बाजारात चिक्कीवाल्याने दुकानाच्या फळ्या उघडल्या. हवालदार हौशीरामांनी लाठी काखेत घेऊन सलाम ठोकला. तो फटफटीला होता की आबांच्या निशाणाला, ते कळलं नाही, पण मास्तरांनी तो स्वीकारला.

दारात अनसूयाबाई उभ्या होत्या. बातमी मास्तरांच्या आधी पोचली होती. त्यांच्या हातात तांब्या होता आणि ताटात पुरणपोळी. पोळ्याला दमून घरी आलेल्या बैलाच्या पायांवर पाणी घालतात, तसं त्यांनी पुढच्या चाकावर पाणी घातलं, चिखल धुतला आणि बाजूला सरल्या.

"या," त्या म्हणाल्या. "आधी उजवं शिंग. सावकाश."